उत्तर माहीत असलेला प्रश्न आधी : गावच्या शाळेत चॅटबॉटची ओळख

केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे एखादे सत्र हमखास असते. साधनव्यक्ती पडद्यावर चॅटबॉट उघडतात, समोरच्या शिक्षकांना 'काहीही विचारा' म्हणून सांगतात, आणि बघता बघता पाठटाचण, प्रश्नपत्रिका किंवा पर्यावरणावरचा निबंध पडद्यावर उमटू लागला की सभागृहात कौतुकाची कुजबुज सुरू होते. पुढच्या आठवड्यात हेच प्रात्यक्षिक याच क्रमाने मुलांच्या वर्गात पोहोचते. माझा आक्षेप या क्रमाला आहे. जे मूल हे साधन पहिल्यांदाच पाहत आहे, त्याने स्वतःला ठाऊक नसलेली गोष्ट विचारली, तर आलेले उत्तर खरे की खोटे हे ठरवायला त्याच्यापाशी काहीच नसते, आणि पहिल्याच भेटीत त्याची भूमिका मुकाट्याने ऐकून घेणाऱ्याची होऊन बसते. म्हणून मुलाने चॅटबॉटला विचारलेला पहिला प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर ते मूल चॅटबॉटपेक्षा चांगले जाणते, असे माझे ठाम मत आहे. त्या मतावर आधारलेले काही उपक्रम मी वर्गात घेते, त्यांविषयी येथे लिहीत आहे.

मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. मुलांच्या घरी संत्र्याची बाग, कापूस, तूर, सोयाबीन यांपैकी काही ना काही असते, किंवा घरची माणसे दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. बहुतेक घरांत एखादा स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. तरीही ही मुले चॅटबॉटपासून दूर आहेत असे समजण्याचे कारण नाही, कारण ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेचे निरोप जातात, त्याच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआय या चॅटबॉटचे निळे वर्तुळ येऊन बसलेले आहे. मुले संध्याकाळी फोन हातात आला की ते दाबून पाहतातच. तेव्हा ओळख करून द्यावी की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ती कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या क्रमाने व्हावी, एवढेच ठरवणे आपल्या हातात आहे.

सुरुवात मी फोनविनाच करते. मुलांना रिकाम्या आगपेट्या जमा करून आणायला सांगते आणि पोळा नुकताच झालेला असल्यामुळे, सणवार, शेती आणि शाळा या विषयांवर प्रत्येकाने चार-पाच शब्दांची साधी, खरी वाक्ये लिहावीत असे सांगते. मग वाक्यांची कापाकापी होते. वाक्यात येणाऱ्या प्रत्येक शब्दाची एक आगपेटी, तिच्यावर तो शब्द लिहिलेला, आणि तिच्या आत, त्या शब्दानंतर वर्गाच्या वाक्यांत जे जे शब्द आले त्यांच्या चिठ्ठ्या. एखादा शब्द पाच वेळा आला असेल तर त्याच्या पाच चिठ्ठ्या. एवढे झाले की आमचे यंत्र तयार. पहिला शब्द ठरवायचा, त्याच्या पेटीतून डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, तिच्यावरचा शब्द फळ्यावर लिहायचा, ती चिठ्ठी परत पेटीत टाकायची आणि मग नव्या शब्दाच्या पेटीकडे जायचे.

एका गटाने 'पोळ्याच्या दिवशी बैल सजवला' असे वाक्य दिले होते आणि दुसऱ्या गटाने 'परीक्षेच्या दिवशी पेपर सोडवला' असे. यंत्र चालू केले तेव्हा 'परीक्षेच्या' या शब्दानंतर 'दिवशी' आला, 'दिवशी'च्या पेटीतून 'बैल' निघाला आणि फळ्यावर वाक्य पूर्ण झाले : परीक्षेच्या दिवशी बैल सजवला. वर्ग हसून हसून बेजार झाला. हसू ओसरल्यावर मी विचारले, की या वाक्यात व्याकरणाची चूक कुठे आहे? कुठेच नाही. हे वाक्य कोणी लिहिले होते का? कोणीच नाही. मग कोणी खोटे लिहिले होते का? तेही नाही; सगळ्यांनी खरेच लिहिले होते. खऱ्या वाक्यांचे तुकडे घेऊन, कोणाच्याही मनात फसवणूक नसताना, व्याकरणाला धरून असलेले एक असत्य वाक्य तयार झाले होते. चॅटबॉटविषयी मुलांना जे कळायला हवे त्यातला निम्मा भाग मला या एका वाक्यात आयता मिळाला.

उरलेल्यातला बराचसा भाग पुढच्या चर्चेत येतो. 'दिवशी'च्या पेटीत बैलाच्याच चिठ्ठ्या जास्त का, असे विचारल्यावर मुलांनीच सांगितले की पोळा नुकताच झाला म्हणून सगळ्यांना बैलच आठवला. म्हणजे जे जास्त लिहिले गेले तेच जास्त निघणार, आणि ज्याविषयी कोणी लिहिलेच नाही त्याची पेटीच नसणार. मग एका मुलीने सुचवले की एका शब्दाऐवजी शेवटचे दोन शब्द बघून चिठ्ठी काढली तर? 'परीक्षेच्या दिवशी' अशी स्वतंत्र पेटी केली की तिच्यात बैल येण्याचे कारण उरत नाही. सूचना अगदी बरोबर होती, आणि गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला शोधूनही सापडले नसते. समजा आपल्याकडे २०० वेगवेगळे शब्द आहेत. दोन-दोन शब्दांच्या जोड्या किती होतील? २०० गुणिले २००, म्हणजे ४०,०००. तीन-तीन शब्दांचे गट धरले तर ८० लाख. एवढ्या आगपेट्या तालुक्यातही मिळणार नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक रिकाम्या राहतील. घातांक म्हणजे काय हे आठवीच्या मुलांना त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

येथून खऱ्या चॅटबॉटकडे जाणे सोपे जाते. तेथे पेट्या साठवलेल्या नसतात. प्रचंड मजकूर वाचवून घेऊन संगणकातल्या असंख्य संख्या थोड्या थोड्या बदलत नेलेल्या असतात, आणि आधीचा सगळा मजकूर विचारात घेऊन पुढचा तुकडा (शब्द किंवा शब्दाचा भाग) कोणता येण्याची शक्यता किती, हे त्या संख्यांवरून काढले जाते. २०२० मध्ये आलेल्या जीपीटी-३ या प्रारूपात अशा १७,५०० कोटी संख्या होत्या. माणसांनी उत्तरांना चांगले-वाईट ठरवून दिलेले पुढचे प्रशिक्षण हा भाग मी आठवीला थोडक्यात सांगते, सहावीला सांगत नाही. मात्र हा विचार कालपरवाचा नाही हे मुलांना आवर्जून सांगते. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ मध्ये एका काव्यातली वीस हजार अक्षरे हाताने मोजून स्वरानंतर व्यंजन किती वेळा येते ते तपासले होते, आणि १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने पुस्तकाची पाने उघडून, एका शब्दानंतर कोणता शब्द येतो ते पाहत, आमच्या आगपेट्यांसारखीच वाक्ये तयार करून दाखवली होती. संगणक न वापरता हाताने केलेल्या मोजणीतून ही वाट निघाली आहे. संगणक कक्ष नसलेल्या शाळेतल्या मुलांना हे ठाऊक असलेच पाहिजे.

दुसरा उपक्रम माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. आम्ही त्याला 'गावची परीक्षा' म्हणतो. यात परीक्षा चॅटबॉटची असते आणि परीक्षक मुले असतात. प्रत्येक गटाने गावाविषयी आणि परिसराविषयी प्रश्न काढायचे. पण प्रश्न लिहिण्याआधी त्याचे उत्तर वहीत लिहायचे, आणि ते उत्तर कोणाकडून किंवा कशावरून कळले हेही शेजारच्या रकान्यात लिहायचे. या रकान्याने मुलांना गावभर फिरवले. शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली हे दाखल-खारीज रजिस्टरच्या पहिल्या पानावरून काढले गेले. देवळाचा जीर्णोद्धार कधी झाला यावर दोन आजोबांचे एकमत होईना, म्हणून मुलांनी दोघांचीही उत्तरे लिहून ठेवली आणि तो प्रश्न परीक्षेतून काढून टाकला, कारण ज्याचे उत्तर आपल्यालाच नक्की माहीत नाही तो प्रश्न विचारून गुण कसे देणार? हा निर्णय त्यांनी माझ्याशिवाय घेतला, आणि चॅटबॉटविषयीच्या कोणत्याही धड्यापेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

परीक्षेच्या दिवशी फोन माझा, खाते माझे आणि पडदा शाळेच्या टीव्हीचा. दूरच्या आणि प्रसिद्ध गोष्टींवर चॅटबॉट चांगला उत्तीर्ण झाला. पेंच नदी कन्हानला मिळते, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नागपूर शहर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवले, ही उत्तरे त्याने बिनचूक दिली. गाव जवळ येत गेले तसतसे चित्र पालटले. आमची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. त्याने ती महाशिवरात्रीला भरवली, आणि 'पंचक्रोशीतील हजारो भाविक' वगैरे वर्णनही जोडले. बाजाराचा वार चुकला. एका गटाने मुद्दाम 'आमच्या गावच्या किल्ल्याचा इतिहास सांग' असा प्रश्न ठेवला होता. आमच्या गावात किल्ला नाही, कधी नव्हता. तरी उत्तर आले, चांगले तीन परिच्छेदांचे : गोंड राजवट, मग भोसल्यांचा काळ, मग इंग्रज, बुरुज, तटबंदी, आज झालेली पडझड. मागच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आपल्या गावात किल्लाच नाही, तं हा कोणाचा इतिहास सांगून राह्यला?"

मी उत्तर न देता आगपेट्यांचा खोका टेबलावर ठेवला. वर्गाला लागलीच कळले. गोंड राजे खरे, भोसले खरे, विदर्भातल्या किल्ल्यांना बुरुज आणि तटबंदी असते हेही खरे. 'किल्ल्याचा इतिहास' या शब्दांपाठोपाठ हे सगळे येण्याची शक्यता जास्त, म्हणून ते आले. मुलांनी मग तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारून पाहिला : 'आमच्या गावात किल्ला आहे का? खात्री नसेल तर तसे सांग.' या वेळी खात्रीशीर माहिती नसल्याचे उत्तर आले. प्रश्नातच चुकीची गोष्ट गृहीत धरली तर उत्तर तिच्यामागे वाहत जाऊ शकते, हा अनुभव मुलांनी स्वतः घेतला. आमच्या गुणपत्रकात 'बरोबर' आणि 'चूक' यांच्याबरोबर 'माहीत नाही असे सांगितले' हा रकाना आहे, आणि त्याला चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त गुण आहेत. हा रकाना मी परीक्षेच्या पेपरातही आणावा अशी मागणी सातवीतून आली आहे, आणि मी तिचा गांभीर्याने विचार करत आहे.

इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देण्याची सोय चालू केली की उत्तरे बरीच सुधारतात, हेही मुलांना दाखवले पाहिजे. नाहीतर आपण त्यांना केवळ अविश्वास शिकवू. पण तेव्हाही उत्तराखाली दिलेला दुवा उघडून वाचायचा, असा आमचा नियम आहे. आमच्या लोकसंख्येविषयी आलेल्या उत्तराचा दुवा उघडला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावाचा निघाला. जिल्ह्याचे नाव वाचून ही चूक पकडणारी मुलगी एरवी वर्गात फारसे बोलत नाही.

चॅटबॉटचा खरा उपयोग होतो तेथे तो मनापासून करून घ्यावा, हे मी मुलांना तितक्याच आग्रहाने सांगते. संत्र्याच्या पानांचे उदाहरण घेऊ. एका मुलीने 'संत्र्याची पाने पिवळी पडली तर काय करावे' असे विचारले आणि कारणांची लांबलचक यादी आली. मग वर्गाने मिळून प्रश्न सुधारला. पिवळी पडलेली पाने जुनी की नवी? शिरा हिरव्या आहेत का? जमीन कशी आहे, पाणी साचते का? मुलीने दुसऱ्या दिवशी बागेतून फांदीच आणली. पाने कोवळी, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा; जमीन काळी आणि चुनखडीची. एवढे तपशील दिल्यावर लोहाची कमतरता ही शक्यता पहिल्या क्रमांकावर आली, आणि नत्र कमी पडले तर पिवळेपणा आधी जुन्या पानांवर दिसतो हा फरकही पुढे आला. विज्ञानाच्या पुस्तकातला अन्नद्रव्यांचा धडा त्या फांदीसमोर बसून वाचला गेला. निरीक्षण नेमके असेल तर प्रश्न नेमका होतो, आणि निरीक्षण बागेत जाऊनच करावे लागते. ते काम चॅटबॉट करून देत नाही.

येथे एक मर्यादा मात्र मी कठोरपणे पाळते. औषधाचे नाव आणि मात्रा चॅटबॉटकडून घेऊन कोणीही घरी सांगायची नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. मुले आपली निरीक्षणे आणि तर्क कागदावर लिहून सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) नेतात. नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तेथे विचारणेही आमच्या पालकांना अशक्य नाही. पालकांनी काय फवारावे ते या माणसांना विचारून ठरवावे.

लहान मुलांचा एक प्रश्न मी कधीच टाळत नाही. सहावीच्या वर्गात चॅटबॉट उघडला की कोणीतरी 'तू जेवला का?' असे विचारतेच, आणि गोड उत्तर आले की त्याला मन आहे असे त्यांना वाटू लागते. यासाठी मी एका मुलाला कपाटामागे बसवून एक नियमांची चिठ्ठी देते : समोरच्याचे वाक्य उलटवून प्रश्न करायचा, आणि काहीच सुचले नाही तर 'याविषयी आणखी सांग' म्हणायचे. 'मला शाळेत करमत नाही' असे कोणी म्हटले की आतून येते, 'तुला शाळेत का करमत नाही?' बाहेर बसलेल्याला समोरचा फार समजूतदार वाटतो. मग आम्ही चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवतो. जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत केलेला एलायझा हा गप्पा मारणारा संगणकीय कार्यक्रम अशाच नियमांवर चालत असे, आणि तो कसा चालतो हे ठाऊक असलेल्या त्यांच्याच सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. मोठ्या माणसांचेही असे होते हे कळल्यावर मुले लाजत नाहीत. आजचे चॅटबॉट एलायझापेक्षा कितीतरी पुढे गेले आहेत. पण मनातले दुःख सांगायला आई, आजी, मैत्रीण, मॅडम आहेत, हे मी त्या तासाला स्पष्ट शब्दांत सांगते.

नियमांविषयी थोडक्यात. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शनात स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे, आणि आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. म्हणून वर्गात मुलांची खाती नाहीत, आणि कोणाचेही नाव, फोटो किंवा फोन क्रमांक लिहायचा नाही. एकच फोन आणि एकच पडदा यामुळे अडचण होईल असे वाटले होते; उलट प्रत्येक प्रश्न सगळ्यांसमोर वाचला जातो आणि त्यावर वाद होतो, हा मोठाच फायदा आहे.

भाषेचा अडसर खरा आहे आणि तो लपवू नये. मुले बोलतात ती वऱ्हाडी-नागपुरी बोली, उत्तर येते ते पुस्तकी मराठीत. बोलून टाईप करण्याची सोय मुलांचे शब्द अनेकदा भलतेच लिहिते. इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे, आणि देवनागरी शब्दाचे या यंत्रांत इंग्रजी शब्दापेक्षा बहुधा जास्त तुकडे होतात. आपल्या बोलीत विचारणे ही चूक नव्हे, हे मुलांना ठामपणे सांगावे लागते, नाहीतर ती गप्प बसतात.

गृहपाठाच्या नकलेची भीती शिक्षक बोलून दाखवतात, ती अनाठायी नाही. मी 'आमच्या गावातला उन्हाळा' या विषयावर चॅटबॉटचा निबंध आणि मुलांचे परिच्छेद नावे काढून एकत्र वाचले. एकात कोकिळेचे कूजन आणि आमरसाचा गोडवा होता. दुसऱ्यात असे होते, की मार्चनंतर विहिरीचे पाणी खाली जाते, म्हणून आई बादलीच्या दोराला जुन्या लुगड्याचा तुकडा जोडते. कोणता परिच्छेद कोणाचा, हे विचारावेच लागले नाही. त्यानंतर मी निबंधाचे विषयच असे देऊ लागले, की ज्यांचे उत्तर घरी, शेतात किंवा बाजारात जाऊन पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही.

यंदा दिवाळीनंतर गावच्या परीक्षेची गेल्या वर्षीची वही नव्या सातवीच्या हाती देणार आहे. प्रश्न तेच, शब्दरचनाही तीच; प्रत्येक उत्तरासमोर तारीख आणि चॅटबॉटचे नाव लिहायचे आणि गेल्या वर्षीच्या उत्तरापेक्षा काय बदलले ते नोंदवायचे. ही साधने दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे त्यांच्याविषयीचे आपले मतही दरवर्षी तपासून घेतले पाहिजे. भिवापूरकडच्या एका शिक्षिकेने त्यांच्या मिरचीवरचे प्रश्न जमवायला घेतले आहेत. कुही, उमरेड, मौदा, नरखेड येथल्या कोणाला आपल्या गावची वही करायची असेल तर आमच्या वहीचे रकाने आणि गुणदानाची पद्धत मी आनंदाने पाठवीन. प्रश्न मात्र ज्याने त्याने आपल्या गावातच शोधायचे आहेत.